खानदेशातील वारा आणि पाठीवरचा तंबू

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरातील पठारांवर पवनचक्क्यांच्या लांबच लांब रांगा उभ्या आहेत, आणि अशा चक्क्यांची जागा वाऱ्याचा वेग व दिशा दीर्घकाळ मोजल्यानंतरच ठरत असल्यामुळे, त्या मुलखात तंबू घेऊन मुक्कामी जाऊ इच्छिणाऱ्याने तेथील वाऱ्याचा पहिला अंदाज या रांगा पाहूनच बांधावा. मोठी पवनचक्की साधारणपणे सेकंदाला ३ ते ४ मीटर वेगाच्या वाऱ्यावर फिरू लागते, आणि हा वेग सेकंदाला २५ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ९० किलोमीटरपर्यंत गेला की यंत्राला इजा होऊ नये म्हणून पाती वळवून ती थांबवली जाते. दोन माणसांच्या, दीड-दोन किलो वजनाच्या तंबूला अशी थांबण्याची सोय नसते. वारा येईल तेवढा त्याला सोसावा लागतो, आणि तो किती सोसेल हे त्याच्या वजनापेक्षा त्याचा आकार, त्याच्या कापडाचा ताण आणि जमिनीवरील त्याची पकड यांवर फार अधिक अवलंबून असते.

खानदेशाची रचनाच वाऱ्याला वाट देणारी आहे. तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले असून त्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला गाळण्याचे डोंगर आणि सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे. सह्याद्रीची मुख्य रांग साक्री-नवापूरच्या बाजूला उतरत उतरत खोऱ्यात विरून जाते, आणि पश्चिमेकडे हे खोरे गुजरातच्या सपाटीकडे व पुढे अरबी समुद्राकडे उघडे राहते. या प्रदेशातील मुक्कामाच्या जागाही त्यामुळे परस्परांहून वेगळ्या आहेत. धुळ्याजवळचा लळिंग, साक्री तालुक्यातील भामेर, चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या वर उभा असलेला कण्हेरगड, यावल अभयारण्यातील पालचा परिसर, आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच मोडणारी तोरणमाळ व अस्तंब्याची उंच शिखरे, यांतील प्रत्येक ठिकाणी वारा निराळ्या तऱ्हेने वागतो. म्हणून 'वाऱ्यासाठी चांगला तंबू कोणता' या प्रश्नाआधी 'कोणत्या महिन्यातला आणि कोणत्या जागेवरचा वारा' हा प्रश्न विचारावा लागतो.

ऋतूंच्या हिशेबाने पाहिले तर येथे तीन वारे आहेत. पहिला आषाढ-श्रावणातला, नैऋत्य व पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा. पवनचक्क्यांची वर्षातील बरीचशी वीज याच काळात तयार होते, कारण हा वारा वेगवान असूनही दिवसचे दिवस एकाच बाजूने वाहतो. तंबूच्या दृष्टीने त्याची दिशा आधीच ठाऊक असणे ही मोठीच सोय होय. अडचण असते ती त्याच्याबरोबर आडव्या येणाऱ्या पावसाची. दुसरा वारा हिवाळ्यातला. थंडीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो, रात्री डोंगरउतारावरची थंड आणि म्हणून जड झालेली हवा हळूहळू दरीकडे ओघळते, पण तिचा जोर सहसा फार नसतो. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला जाणारे असंख्य भाविक तंबूवाचूनच डोंगरात रात्र काढतात. या ऋतूत जवळपास कोणताही नीट बांधलेला तंबू पुरतो, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

तिसरा वारा चैत्र-वैशाखापासून मृगापर्यंतचा, वळवाच्या वादळाचा, आणि खानदेशात तंबू निवडताना मुख्य विचार करावा लागतो तो याचाच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा तापलेली हवा वेगाने वर चढून उंच ढग बनतात. त्यांतून पडणारा पाऊस खालच्या अतिशय कोरड्या हवेतून येताना वाटेतच बाष्प होऊ लागतो, या बाष्पीभवनाने हवा थंड होते, थंड झालेली हवा जड होऊन जमिनीवर कोसळते आणि तेथून चहूबाजूंना फाकते. पावसाचे थेंब पोहोचण्याच्या काही मिनिटे आधी अचानक गार झुळूक येऊन पाठोपाठ धुळीचा लोट येतो, तो याच फाकलेल्या हवेचा पुढचा काठ असतो. या वाऱ्याला ठरावीक दिशा नसते. ढग ज्या बाजूला असेल तेथून तो येतो आणि ढग डोक्यावरून सरकला की अर्ध्या तासात बाजू बदलतो. रावेर, यावल, मुक्ताईनगर या तालुक्यांत घडांनी लगडलेल्या केळीच्या बागा मे-जूनमध्ये एकाच संध्याकाळी आडव्या होतात त्या अशाच वाऱ्याने. केळीचे झाड उंच, पानाने रुंद, घडामुळे वरून जड आणि मुळाने उथळ असते, म्हणजे वाऱ्यापुढे टिकण्यासाठी जे जे नसावे ते सारे त्याच्यात एकवटलेले असते, आणि तंबू घेताना नेमके याच्या उलट गुण शोधायचे असतात: बुटकेपणा, निमुळतेपणा आणि खोल रुतलेली पकड.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, ही गोष्ट येथे आकड्यांत पाहण्यासारखी आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा आडव्या सपाट पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरवर साधारण ७ किलो वजनाइतका रेटा देतो, ६० किलोमीटरचा वारा सुमारे १६ किलो आणि ८० किलोमीटरचा वारा सुमारे २९ किलो. भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यांत विजांच्या कडकडाटासह 'ताशी ४० ते ५० किलोमीटर' आणि कधी 'ताशी ५० ते ६० किलोमीटर' वेगाचे वारे असे शब्द असतात; वाचताना या दोन इशाऱ्यांत थोडासाच फरक वाटतो, परंतु ४० पासून ६० पर्यंत जाताना तंबूवरचा भार दुपटीहून अधिक होतो. शिवाय हवामान केंद्रातला वेग मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. सपाट शेतात कमरेच्या उंचीवर तो बराच कमी भरतो, तर गडाच्या धारेवर, जेथे वर चढणारा वारा दाटून पुढे सरकतो, तेथे तो खालच्या मैदानातल्या नोंदीपेक्षा जास्त निघतो. काही तंबूंच्या वेष्टनावर 'फोर्स ६' असा उल्लेख असतो. तो ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये मांडलेल्या वाऱ्याच्या श्रेणीतला असून त्याचा अर्थ ताशी ३९ ते ४९ किलोमीटर, म्हणजे झाडांच्या मोठ्या फांद्या हलू लागतात आणि छत्री धरणे कठीण जाते इतपत वारा, असा होतो. वळवाच्या वादळाची ही केवळ सुरुवात असते.

बाजारात मिळणारे हलके तंबू आकारावरून मुख्यतः चार प्रकारांत मोडतात. पहिला घुमटाकार, ज्यात दोन लवचीक दांड्या माथ्यावर एकमेकींना छेदून जातात. दोनच दांड्या असलेल्या साध्या घुमटात दांड्यांच्या मधले कापडाचे तुकडे मोठे राहतात, वाऱ्याने ते आत दबतात आणि दांडी एका बाजूला वाकते. दांड्या वाढवून त्या अनेक ठिकाणी छेदतील अशी मांडणी केली की कापडाचे लहान लहान त्रिकोण बनतात आणि कोणत्याही बाजूने आलेला रेटा सगळ्या सांगाड्यात वाटला जातो. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकाराच्या भूमितीय घुमटांचे हे तत्त्व 'द नॉर्थ फेस' या कंपनीने १९७५ मध्ये 'ओव्हल इन्टेन्शन' या तंबूत उतरवले आणि तेथून हिमालयातल्या तळांवर घुमटाकार तंबू रूढ होत गेले. असा पुरता घुमट मात्र अडीच ते चार किलोंचा असतो, आणि पाच-सहा लिटर पाणीही पाठीवर वाहावे लागते अशा खानदेशी उन्हाळ्यात हे वजन परवडत नाही. यातला मध्यममार्ग म्हणजे दोन छेदणाऱ्या दांड्यांना तिसऱ्या आखूड दांडीचा आधार दिलेला तंबू, जो दोन माणसांसाठी साधारण दीड ते सव्वादोन किलोंत बसतो.

दुसरा प्रकार बोगद्यासारखा, ज्यात दांड्यांच्या कमानी एकामागे एक उभ्या असतात आणि दोन टोकांना ताणून तंबू उभा राहतो. स्वीडनच्या हिलेबर्ग कंपनीने हा प्रकार विशेष विकसित केला. त्यात वजनाच्या मानाने जागा भरपूर मिळते आणि निमुळते टोक वाऱ्याकडे केल्यास तो जोरदार वाराही सोसतो, पण वारा कुशीवर आला की कमानी एकामागून एक दबतात. आषाढातल्या एकाच दिशेच्या वाऱ्यासाठी तो उत्तम आणि वैशाखातल्या बाजू बदलणाऱ्या वाऱ्यासाठी गैरसोयीचा, असा निवाडा करता येतो. तिसरा प्रकार सुळक्यासारखा, मध्ये चालण्याची काठीच खांब म्हणून उभी करून चहूबाजूंनी जमिनीला ताणलेला. स्वतंत्र दांड्या नसल्याने हा अर्धा ते पाऊण-एक किलोतच भागतो, त्याच्या उतरत्या बाजूंवरून वारा कुठल्याही दिशेने आला तरी घसरून जातो, आणि सगळ्यांत हलका असूनही तो वाऱ्यात सगळ्यांत समाधानकारक ठरू शकतो. अट एकच, ती म्हणजे त्याची प्रत्येक खुंटी टिकली पाहिजे, कारण तो स्वतःच्या बळावर क्षणभरही उभा राहत नाही. चौथा प्रकार दुपाखी छपराचा, पूर्वीच्या राहुटीसारखा, जो बुटका बांधला तर ठीक असतो, परंतु त्याच्या सपाट पाखांवर आडवा वारा पूर्ण जोराने आदळतो.

या सगळ्या तुलनेत ग्राहकाचे लक्ष बहुधा कापड फाटेल का आणि दांडी मोडेल का याकडेच असते, पण प्रत्यक्ष वादळात आधी हार मानते ती जमिनीतली खुंटी. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या गडद हिवाळ्यात कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि अॅप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियर येथे गेले असताना वादळाने त्यांचा सुळक्याच्या आकाराचा तंबू उचलून नेला. दगड रचून बांधलेल्या त्यांच्या आसऱ्याचे कापडी छत चिंध्या होऊन उडाले, आणि वादळ ओसरल्यावर उताराच्या पायथ्याशी तंबू सापडला तेव्हा तो जवळपास धड होता. कापड आणि बांबू टिकले होते, पकड सुटली होती. त्या तंबूंच्या तळाशी चहूबाजूंनी रुंद झालर असते आणि तिच्यावर बर्फ किंवा दगड रचून तंबू जमिनीला दाबून धरतात. हलक्या तंबूंत वजन वाचवण्यासाठी ही झालर काढून टाकलेली असल्यामुळे सगळा भार खुंट्यांवर आणि त्यांना बांधलेल्या ताणदोऱ्यांवर येतो.

हा भार किती असतो याचा ढोबळ हिशेब असा. दोन माणसांच्या बुटक्या तंबूची वाऱ्याकडची बाजू दीड चौरस मीटरची धरली तर ८० किलोमीटरच्या झोतात तिच्यावर सुमारे ४३ किलोंचा रेटा येतो. तो दोन ताणदोऱ्यांनी पेलायचा आणि दोऱ्या जमिनीशी ४५ अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येक दोरीत सुमारे ३० किलोंचा ताण निर्माण होतो. यात भर म्हणून, कमानदार माथ्यावरून वेगाने जाणारी हवा वरच्या बाजूला दाब कमी करते आणि तंबू वर ओढला जातो. वादळात घरांवरचे पत्रे उडतात ते याच ओढीने. त्यामुळे खुंटीला आडवी आणि उभी अशी दोन्ही ओढ सोसावी लागते. दोरी जितकी लांब आणि जमिनीशी जितकी तिरपी, तितकी उभी ओढ कमी होते, म्हणून दोऱ्या तंबूच्या अगदी जवळ न ठोकता दूर नेऊन ठोकणे, आणि वाऱ्याकडच्या बाजूला एकाऐवजी दोन दोऱ्या देणे, हे काही ग्रॅम वजनाच्या मोबदल्यात मिळणारे मोठे बळ आहे. तंबू विकत घेताना त्याच्या बाहेरच्या आवरणावर, ज्याला ट्रेकर 'आऊटर' किंवा 'फ्लाय' म्हणतात, दोऱ्या बांधण्याचे फासे किती आहेत, ते दांडीच्या रेषेवर शिवलेले आहेत की कापडाच्या मधोमध, आणि आतून ते दांडीला बांधता येतात का, हे पाहणे रंग आणि खिसे पाहण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

खानदेशची जमीन खुंटीची परीक्षा घेणारी आहे. तापीकाठची काळी कपाशीची माती उन्हाळ्यात भेगाळते, तिचा वरचा थर भुसभुशीत ढेकळांचा होतो आणि बोटभर लांबीची खुंटी त्यातून हिसक्यासरशी निघते; येथे वीतभर लांब, तीन पाकळ्यांच्या आडव्या छेदाच्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या लागतात, ज्यांचे वजन एकेकी १५ ते २० ग्रॅम असते आणि ज्यांच्या पाकळ्या मातीला अधिक पृष्ठभागावर धरतात. ओल्या काळ्या मातीत तर पकड आणखी सैल होते, आणि तेव्हा शेताच्या बांधावर पडलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळीच्या मधोमध दोरी बांधून ती आडवी पुरणे हा खुंटीपेक्षा भरवशाचा उपाय ठरतो. मुरमाड उतारावर रुंद पाकळ्यांची खुंटी आत जातच नाही. तेथे खिळ्यासारखी गोल आणि मजबूत खुंटी हवी. गडमाथ्यावर बहुधा काळ्या बेसॉल्टवर वीतभरही माती नसते. तेथे दोरीच्या टोकाला हाताएवढी काठी किंवा लहान दगड बांधून त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, मोठा धोंडा ठेवायचा. दोरी ओढली गेली की लहान दगड मोठ्याला अडकतो आणि मोठ्याचे सगळे वजन कामी येते. बेसॉल्टच्या धारेवर बारीक दोरी कापली जाते, त्यामुळे घासणाऱ्या जागी कापड गुंडाळावे लागते. हे धोंडे गडाच्या ढासळलेल्या तटातून किंवा जोत्यातून मात्र कदापि काढू नयेत. लळिंग आणि भामेर यांसारख्या गडांवरचा एकेक घडीव दगड इतिहासाचा पुरावा आहे, आणि एका रात्रीच्या झोपेसाठी तो जागेवरून हलवणे ही त्या स्थळाची हानीच होय.

जागेची निवड तंबूच्या निवडीइतकीच निर्णायक आहे आणि याबाबतीत जळगावचा केळी उत्पादक पुष्कळ शिकवू शकतो. बागेभोवती तो शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतो, आणि अशा सच्छिद्र कुंपणातून थोडी हवा आरपार जात असल्यामुळे त्याच्या मागे वाऱ्याचा वेग मंदावतो पण भोवरे फारसे उठत नाहीत. कुंपणाच्या उंचीच्या सुमारे दहा पट अंतरापर्यंत हा आसरा कमीअधिक प्रमाणात जाणवतो. भिंतीचे तसे नाही. भरीव तटबंदीला धडकलेला वारा वरून उसळी घेऊन पलीकडे भोवऱ्यांच्या रूपाने खाली येतो, त्यामुळे तटाच्या अगदी मागे लावलेल्या तंबूला कधी एका बाजूने तर कधी दुसऱ्या बाजूने धक्के बसतात, शिवाय जुन्या तटाचे सुटे दगड वादळात निखळण्याची भीती असतेच. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत आणि सातपुड्यातही उभे कडे आणि वर सपाट पठार अशी रचना वारंवार आढळते. कड्यावरून उसळलेला वारा काठापासून सुटून वर निघून जातो आणि काठाच्या लगतच्या पट्ट्यात उलटसुलट झोत फिरत राहतात. म्हणून सूर्यास्त पाहायला कड्याचा काठ कितीही रमणीय असला तरी मुक्काम आत, झुडपांच्या विरळ ओळीमागे, किंचित उतारावर करणे शहाणपणाचे. पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्याला लागून आहे आणि पाल यावल अभयारण्यात, त्यामुळे अशा ठिकाणी वनविभागाची, तर संरक्षित गडांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि जागेचा प्रश्न पुष्कळदा तेथेच सुटतो.

आता वजनाचा प्रश्न. हलका तंबू म्हणून जाहिरात होते तेव्हा वजन कोठून वाचवले आहे हे पाहावे. दांडीची नळी ८.५ मिलिमीटर व्यासाची असते किंवा ९.५ मिलिमीटरची; भिंतीची जाडी तीच ठेवली तर या एका मिलिमीटरने नळीचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, परंतु वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो. वाऱ्याच्या प्रवासात ही वाढ टाळणे अव्यवहार्य आहे. काचतंतूंच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, स्वस्त दांड्या जड असतात आणि मर्यादेपलीकडे वाकल्यावर उभ्या चिरतात, त्यांच्या तीक्ष्ण टोकांनी कापडही फाटते. चांगल्या अॅल्युमिनियमची दांडी आधी वाकते, आणि वाकलेल्या जागी बोटभर लांबीची जोडनळी सरकवून रात्र काढता येते. वजन वाचवायचेच असेल तर ते आतल्या तंबूच्या उंचीत, दुसऱ्या दारात, खिशांत, पिशव्यांत आणि तळाखाली अंथरायच्या वेगळ्या कापडात वाचवावे. उंची कमी केल्याने तर दुहेरी लाभ होतो, वजनही घटते आणि वाऱ्याला भिडणारे क्षेत्रही.

कापडाची जाडी 'डेनियर' या मापाने सांगितली जाते. ९००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचा डेनियर. हलक्या तंबूंत १० ते २० डेनियरचे कापड वापरतात आणि ते दिसायला तकलादू असले तरी दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप दिलेले २० डेनियरचे नायलॉन, पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या तेवढ्याच कापडापेक्षा फाटण्यास अधिक विरोध करते, कारण सिलिकॉनच्या लेपात धागे थोडे सरकून ताण वाटून घेऊ शकतात. नायलॉनचा दोष असा, की ओलाव्याने ते सैलावते. रात्री पावसात कडक ताणलेला तंबू तासाभरात फडफडू लागतो आणि हीच फडफड दोऱ्यांना हिसके देऊन खुंट्या ढिल्या करते. पॉलिएस्टर ओलाव्याने फारसे ताणले जात नाही आणि उन्हातही अधिक टिकते, म्हणून बळ किंचित कमी असले तरी खानदेशासाठी पॉलिएस्टरकडे झुकणे योग्य वाटते. शिडांच्या जहाजांसाठी विकसित झालेले डायनीमा धाग्यांचे अतिशय हलके कापड मुळीच सैलावत नाही, पण त्याची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते.

उष्णता आणि धूळ हे या प्रदेशातले आणखी दोन विचार. आतला तंबू पूर्ण जाळीचा असेल तर मे महिन्यात हवा खेळती राहते, पण वावटळीत आवरणाखालून शिरलेली बारीक धूळ जाळीतून सरळ अंथरुणावर येते. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत कापड आणि वर जाळी अशी रचना येथे सर्वांत सोयीची. हिवाळ्यातील कोरड्या हवेत तंबूच्या आत दव साचण्याचा त्रास कोकणाच्या मानाने कमी असल्यामुळे एकेरी कापडाचा सुळक्यासारखा तंबूही चालून जातो, पावसाळ्यात मात्र दुहेरीच हवा. या साऱ्याचा मेळ घातला तर वर्षभरात एकच तंबू वापरू इच्छिणाऱ्या खानदेशातील ट्रेकरसाठी तीन दांड्यांचा, बुटका, पॉलिएस्टर आवरणाचा, किमान सहा ताणदोऱ्या लागणारा आणि दोन किलोंच्या आतबाहेरचा घुमटाकार तंबू ही सर्वांत निर्धोक निवड होय. खुंट्या ठोकण्याचा चांगला सराव असलेल्याने सुळक्याच्या आकाराकडे वळून एक किलोहून अधिक वजन वाचवावे.

वारा सुरू झाल्यावर तंबू उभारायचा असेल तर क्रम उलटा करावा लागतो. घरी दांड्या आधी बसवतात. वाऱ्यात मात्र आधी वाऱ्याकडच्या दोन खुंट्या ठोकून कापड जमिनीवर सपाट ठेवायचे, मग दांड्या ओवायच्या, आणि सगळ्यांत शेवटी तंबू उचलून लगेच ताणदोऱ्या द्यायच्या. निमुळती बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या आडोशाला असावे. दाराची चेन वाऱ्याकडे उघडी राहिली तर आत शिरलेली हवा तंबू फुगवते आणि खालून उचलते. मध्यरात्री एकदा उठून सगळे ताण पुन्हा आवळावे लागतात.

विजेपुढे मात्र कोणताही तंबू उपयोगाचा नाही. वळवाच्या वादळात वारा आणि वीज बरोबरच येतात, आणि उघड्या गडमाथ्यावर धातूच्या दांड्यांचा तंबू हे राहण्याचे ठिकाण असू शकत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अॅप परिसरातील विजांची सूचना देते. ती सूचना मिळताच, किंवा कोणत्याही बाजूला ढगांची भिंत दिसून गार झुळूक आली की, तंबू कितीही नीट बांधलेला असला तरी तो तसाच सोडून माथ्यावरून खाली उतरणे आणि पायथ्याच्या गावात पक्क्या घराचा आसरा घेणे हाच योग्य मार्ग असतो.

परतल्यानंतरची निगा हाही निवडीचाच भाग आहे, कारण येथे तंबूचे आयुष्य वाऱ्याइतकेच उन्हानेही कमी होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी नायलॉनचे धागे आतून कमकुवत होतात आणि दिसायला धड असलेले कापड पुढच्या वादळात शिवणीजवळ फाटते. त्यामुळे दिवसभर रिकामा तंबू उन्हात उभा न ठेवता सकाळीच उतरवून ठेवावा. ओला तंबू घडी घालून ठेवल्यास, आणि विशेषतः तापलेल्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्यास, पॉलियुरेथेनचा लेप ओलावा व उष्णता यांच्या संयुक्त परिणामाने विघटित होऊन चिकट बनतो आणि सोलवटू लागतो. म्हणून पावसाळी मुक्कामानंतर तो सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवावा, दांड्यांच्या सांध्यांतील माती पुसावी, खुंट्या मोजून वाकलेल्या वेगळ्या काढाव्यात, आणि तंबू त्याच्या घट्ट पिशवीत न कोंबता सैल सुती पिशवीत घरातल्या थंड कपाटात ठेवावा.